जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेची माती आणि पाणी कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून अकरा गुंठ्यांचा प्लॉट विकायला आहे. तिथे १९८०च्या दशकात सुरू झालेला पेट्रोल पंप होता, तो बंद पडून पंधरा-सोळा वर्षं झाली. मालकांचं म्हणणं, टाक्या तेव्हाच काढल्या. मागच्या घरातल्या विहिरीच्या पाण्याला पावसाळ्यात रॉकेलसारखा वास येतो, असं शेजारी सांगतात. मालकांनी त्याच विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट दाखवला, त्यात सगळं मर्यादेत आहे. खरेदीदारांना तळघरात पार्किंग आणि वर तीन मजले बांधायचे आहेत. जागा घ्यावी का, आणि घ्यायची तर आधी काय तपासावं?

आधी रिपोर्टाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या कागदावर पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि कोलिफॉर्म एवढ्याच तपासण्या आहेत. पिण्याच्या पाण्याची ही नेहमीची यादी. पेट्रोलमधला एकही घटक तिच्यात नाही. नमुना एप्रिलमध्ये घेतलाय आणि ‘नमुन्याचं ठिकाण’ म्हणून स्वयंपाकघरातला नळ लिहिलाय. म्हणजे विहिरीतून मोटरने गच्चीवरच्या टाकीत पडलेलं, तिथे तापलेलं आणि मग नळाला आलेलं पाणी. त्या वाटेत पेट्रोलचे उडून जाणारे घटक बऱ्यापैकी निघून गेलेले असतात. तेव्हा रिपोर्ट खोटा नाही, प्रयोगशाळेने तिला जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. तुमचा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

तो असा विचारायचा: बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलिन (या चौघांना मिळून बीटेक्स म्हणतात), नॅफ्थलिन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन), आणि टीपीएच म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, त्यातही पेट्रोलच्या आणि डिझेलच्या पट्ट्यातले आकडे वेगवेगळे. तुमचा पंप जुना आहे म्हणून आणखी दोन नावं जोडा: शिसं आणि ईडीबी. देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं २०००मध्ये. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग असायचं आणि ते इंजिनात साचू नये म्हणून एथिलीन डायब्रोमाइड, म्हणजे ईडीबी, घालत. शिसं मातीला चिकटून बसतं, फारसं हलत नाही. ईडीबी मात्र पाण्यात विरघळतं आणि लांब जातं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची त्याची मर्यादा लिटरला ०.४ मायक्रोग्रॅम आहे, बेंझिनची १०. इतकं कमी मोजायची पद्धत वेगळी असते, ती आधी सांगून मागावी लागते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात ‘मिनरल ऑइल’ची ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि पुष्कळ जण तेवढी एक तपासणी करून समाधान मानतात. बेंझिनसारखं उडून जाणारं त्यात नीट सापडत नाही.

बेंझिनवर एवढा भर का, तर एका हिशेबावरून कळेल. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का चालतं, जुन्या काळी ते याहून बरंच जास्त असे. १ टक्काच धरलं तरी एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम बेंझिन झालं. लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेने भागलं तर ते पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. प्रत्यक्षात सगळं बेंझिन पाण्यात उतरत नाही, काही उडतं, काही जिवाणू खातात. तरी अंदाज येतो. आता गळतीचा वेग धरा. जमिनीखालच्या एखाद्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब, थेंब ०.०२ मिलिलिटरचा, तर दिवसाला पावणेदोन लिटर आणि वर्षाला सहाशेहून अधिक. पंपावर टाकीत रोज पट्टी बुडवून मोजतात त्या डिपच्या नोंदीत पावणेदोन लिटर कुणाच्या लक्षात येणार? ऊन-गारव्याने आणि वाफेने त्याहून जास्त फरक पडतो.

शेजाऱ्यांच्या वासाची तक्रार उडवून लावू नका, आणि वास नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. पाण्यातल्या बेंझिनचा वास माणसाच्या नाकाला साधारण लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास जाणवतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर. नाकाला आधी कळतं ते एथिलबेंझिन आणि झायलिन. त्यामुळे वास हा ‘इथे काहीतरी आहे’ इतकंच सांगतो, किती धोका आहे ते सांगत नाही.

एक गोष्ट मात्र विहिरीवर जाऊन तुम्ही स्वतः बघू शकता. तुमच्या भागात जांभा आहे, आणि जांभ्याच्या पाण्यात लोह असतं. लोहावर जगणारे जिवाणू पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आणतात आणि लोक तो हमखास डिझेलचा समजतात. पोहऱ्यात पाणी काढा, तवंगात काडी फिरवा. तुकडे होऊन तसेच अलग राहिले तर तो जिवाणूंचा. काडी काढल्यावर पुन्हा वाहत येऊन जुळला तर तेलाचा. ही परीक्षा पोहऱ्यातच करायची. वास येणाऱ्या विहिरीत कुणालाही उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, तळाशी साचते, आणि हवेत १.४ टक्के झाली की ठिणगीने पेट घेते. मोटरीचं बटण दाबणं एवढी ठिणगी पुरते.

आता जमिनीकडे वळतो, कारण माझ्या मते निम्मी तपासणी इथेच होते. बेळगाव जिल्ह्यात काही तासांच्या गाडीप्रवासात जमीन तीनदा बदलते. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी माती, खाली मुरूम, मांजऱ्या आणि मग बसाल्टचा कातळ. बेळगाव शहराच्या पश्चिमेला आणि खानापूरच्या बाजूला तांबडी माती आणि जांभा. गोकाककडे कलादगी गटाचा वालुकाश्म, ज्यावरून घटप्रभा उडी मारते. पाऊसही तसाच: अथणीकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, बेळगावात त्याच्या दुपटीहून जास्त आणि कणकुंबीकडे तर बोलायलाच नको. निपाणीजवळच्या पंपावर जी पद्धत लागू पडली ती तुमच्या प्लॉटवर तशीच्या तशी लागू पडणार नाही.

काळ्या मातीत पेट्रोलला दोन वेळा वेगळं वागावं लागतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून ते सरळ खाली मुरमापर्यंत जातं. पावसात माती फुगून भेगा मिटतात आणि ते खाली अडकून बसतं. वर खणून बघाल तर माती स्वच्छ. फुगण्या-आकसण्याच्या या खेळात पाइपांचे सांधेही ढिले होतात, गळती तिथूनच सुरू होते. जांभ्याचं उलट आहे. त्याला नळ्यांसारखी भोकं असतात, पाणी आणि पेट्रोल दोन्ही झरझर खाली जातात. जांभ्याखाली बहुधा पांढरट-पिवळसर चिकण थर लागतो. तिथे पेट्रोल थबकतं आणि थराचा उतार असेल तिकडे आडवं निघतं. वरच्या रस्त्याचा किंवा गटाराचा उतार पाहून ‘पाणी इकडे जातं’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. शेजाऱ्यांच्या विहिरीला पावसाळ्यातच वास येतो, त्याचं कारणही यात असावं. मे महिन्यात पाणी खोल जातं, तेलाचे थेंब वरच्या जांभ्याच्या भोकांत राहतात. जून-जुलैत पाणी चढून तिथवर आलं की ते धुतले जातात आणि विरघळलेला भाग विहिरीत येतो.

म्हणून दोन हंगामांत मोजायचं. मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली असताना तरंगणारा थर आहे का ते बघायचं, कारण पाणी उतरतं तेव्हा अडकलेलं पेट्रोल मोकळं होऊन विहिरीत जमतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी वर असताना विरघळलेलं किती ते मोजायचं. नुसत्या मेमधल्या एका स्वच्छ नमुन्यावर व्यवहार करू नये, आणि विकणाऱ्याला मेच सोयीचा वाटतो हेही लक्षात ठेवा.

जमिनीच्या आधी कागद आणि माणसं. पहाणी उतारा (आपला सातबारा), सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा आणि ईसी म्हणजे बोजाचा दाखला, यांवरून जागा कोणाकडे कधी होती, तेल कंपनीशी भाडेपट्टा होता का ते कळतं. पंपाचा परवाना स्फोटक विभाग, म्हणजे आताची पेसो, फॉर्म १४मध्ये देते आणि त्याला जोडलेल्या मंजूर नकाशात टाक्या, भरण्याचं तोंड, व्हेंट पाइप, यंत्रं सगळं मापासह असतं. तो नकाशा मालकाकडून किंवा कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडून मिळवा. टाक्या काढल्याचं म्हणतात तर गॅसमुक्त केल्याचा दाखला आणि भंगाराची पावती मागा. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं दिसतात, पंप चालू असतानाचं छत आणि टँकर कुठे उभा राहायचा ते त्यात सापडलं तर फार उपयोगी.

मग पंपावर काम केलेला एखादा माणूस शोधा. मॅनेजर नको, पोरगं म्हणून कामाला लागलेला, आता साठीत आलेला माणूस. निपाणीकडे जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर चौपदरीकरणात तोंड गेलेल्या एका पंपाच्या जागेवर आम्ही नकाशा घेऊन उभे होतो. नकाशात तीन टाक्या, मालक म्हणत होते तिन्ही काढल्या. शेजारी पंक्चरचं दुकान चालवणारा गृहस्थ पूर्वी त्याच बंकवर, म्हणजे पंपावर, कामाला होता. तो जवळ आला आणि म्हणाला, “पेट्रोलच्या दोन काढल्या की वो. डिझेलची हाय तशीच, वाळू घालून बुजवली. वर फरशी केली न्हवं ती.” फरशी उचलली तर खरंच. नकाशात तिची जागाही चार मीटर चुकीची होती. अशा माणसाला चहा पाजून विचारा: टँकर रिकामा करताना कुठे सांडायचं? कुठला पंप वारंवार हवा धरायचा? गाड्या धुण्याचा रॅम्प कुठे होता आणि जुनं ऑइल कुठे ओतायचे? हवा धरणारा पंप म्हणजे सक्शन पाइपला कुठेतरी फट. जुनं ऑइल म्हणजे आणखी एक वेगळी घाण, धातू आणि जड हायड्रोकार्बन, तिथला नमुना वेगळा.

तुमच्या बाबतीत एवढ्या चौकशीनंतर चार संशयित जागा निघतील: टाक्यांचा खड्डा, भरण्याचं तोंड, टाकीपासून यंत्रापर्यंतची पाइपलाइन, आणि रॅम्प. अनुभव असा की टाकीच्या पोटापेक्षा सांधे आणि भरण्याचं तोंड जास्त गुन्हेगार असतात. तिथे आधी खड्डे घ्यायचे. जेसीबी चालेल, पण आधी एलईएल मीटर (हवेतली पेट घेणारी वाफ मोजणारं यंत्र) लावून, आणि टाकी सापडली तर काम तिथेच थांबवून. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत पेट घेणारी वाफ आणि हवा दोन्ही असतात. भंगारवाल्याने गॅस कटर लावला की संपलं. ते काम परवानाधारक माणसाकडून, टाकी नायट्रोजनने किंवा पाण्याने भरून वाफ काढल्यावरच.

खड्ड्यातून माती काढताना जागेवरच छाननी करायची सोपी रीत आहे. झिपवाल्या पिशवीत अर्धी माती घ्या, बंद करा, हाताने ढेकळं फोडा, दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग पिशवीला टोचून पीआयडी नावाच्या हातातल्या यंत्राची नळी आत घाला. वाफ किती ते आकड्यात दिसतं. दर फूट-दीड फुटाला असं केलं की कुठल्या थरात माल आहे ते कळतं आणि मग नेमके तिथलेच नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, प्रत्येक खड्ड्यातून सगळ्यात जास्त आकड्याचा एक आणि त्याच्या खाली स्वच्छ वाटणारा एक. दोन सावधगिऱ्या: पावसाळ्यातल्या ओलीने पीआयडी चुकतं, आणि डिझेलला ते आंधळं नसलं तरी अधू आहे. डिझेलचा संशय असेल तिथे आकडा कमी आला तरी नमुना पाठवा. टाकीच्या खड्ड्यात भरावाची वाळू नव्हे, तिच्या खालची मूळ जमीन हवी. वाळू पुष्कळदा पाण्याने धुऊन स्वच्छ झालेली असते.

माती झाली की पाणी. इथे बेळगावात एक मोठी अडचण येते, ती म्हणजे आपली बोअरची सवय. बोअर म्हटलं की कॉम्प्रेसरची रिग येते, साडेसहा इंची भोक, वरच्या मऊ थरापुरतं केसिंग आणि खाली तीनशे-चारशे फूट उघडा कातळ. निरीक्षणासाठी असं बोअर मारणं म्हणजे वरच्या घाण पाण्याला खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत जायला आपणच वाट करून देणं. शिवाय कॉम्प्रेसरची हवा उडणारे घटक हाकलून देते आणि तिच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही खाली जातं. मग नमुन्यात जे सापडेल ते कुणाचं हा वाद उरतो.

रिग तीच वापरावी लागते, कारण जांभा आणि बसाल्टात हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे जमिनीचं गिरमिट, चालत नाही. पण ठेकेदाराशी आधी बोलून घ्या. खोली पाण्याच्या पातळीच्या खाली काही मीटर, बस. उन्हाळ्यातली सगळ्यात खालची आणि पावसाळ्यातली सगळ्यात वरची पातळी, दोन्ही सामावतील एवढ्या लांबीची फटींची पीव्हीसी नळी. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, फटी पाण्याखालीच राहिल्या तर तरंगणारा थर नळीत येणारच नाही आणि विहीर स्वच्छ दिसेल. नळीचे सांधे आट्याचे घ्या, पीव्हीसीचा सिमेंट लावू नका, त्यातली रसायनं पुढे नमुन्यात दिसतात. नळीभोवती धुतलेली बारीक खडी, वर बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा थर, त्यावर सिमेंट आणि कुलपाचं झाकण. बेंटोनाइट पायलिंगवाल्यांकडे मिळतं. तो थर राहिला तर पावसाचं पाणी नळीच्या कडेने थेट खाली उतरतं आणि सगळी मेहनत वाया.

अशा निरीक्षणाच्या विहिरी किमान तीन, त्रिकोणात, एका ओळीत नव्हे. तिन्हींच्या तोंडांची उंची सर्व्हेअरकडून मोजून घ्या, पाण्याची पातळी मोजा, आणि पाणी कुठल्या दिशेने वाहतं ते काढा. तेव्हा आसपासच्या घरांचे आड आणि विहिरी मदतीला घ्या. आपल्याकडे जुन्या वस्तीत घरटी आड असतो, त्यांची पातळी फुकट मिळते. फक्त त्या दिवशी पंप बंद ठेवायला सांगा, नाहीतर एका मोटरीने दिशा फिरते. दिशा कळली की चौथी विहीर त्या बाजूला, प्लॉटच्या हद्दीवर. तुमच्या बाबतीत ती शेजाऱ्यांच्या विहिरीच्या वाटेवर पडते की नाही यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

नमुना घेण्याच्या दिवशी मी स्वतः उभा राहतो. पुष्कळदा प्रयोगशाळेचा मुलगा पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घेऊन येतो आणि नळाखाली धरतो. बीटेक्ससाठी चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या लागतात, झाकणात टेफ्लॉन लावलेल्या. त्यात आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात. पाणी काठोकाठ, वर फुगवटा येईल इतकं भरायचं, झाकण लावायचं, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ओतून टाकून नवी कुपी. बुडबुड्यात बेंझिन शिरतं आणि पाण्यात ते कमी दिसतं. त्याआधी विहिरीतलं साचलेलं पाणी हळूहळू उपसत राहायचं, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत. जोरात उपसलं तर पुन्हा तेच, वाफ निघून जाते. कुप्या बर्फाच्या पेटीत, आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला किंवा बंगळूरला. चौदा दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी. सोबत प्रयोगशाळेतूनच भरून आलेली स्वच्छ पाण्याची एक कुपी न उघडता जाऊन-येऊन करायची. तिच्यात बेंझिन निघालं तर ते वाटेत शिरलं, उदाहरणार्थ नमुने ज्या गाडीत होते तिच्या डिकीतल्या पेट्रोलच्या कॅनमधून.

प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढं पाहून थांबू नका. मान्यता कुठल्या तपासणीसाठी आहे ते प्रमाणपत्राच्या यादीत बघा, आणि मोजण्याची किमान पातळी आधी लेखी मागा. रिपोर्टात ‘बीडीएल’, म्हणजे मोजता येण्याच्या पातळीखाली, असं लिहून येतं आणि लोक पेढे वाटतात. किमान पातळी ५० मायक्रोग्रॅम असेल आणि मर्यादा १०, तर त्या बीडीएलला काडीचा अर्थ नाही.

आकडे आले की फक्त मर्यादेशी ताडून बघू नका, एकमेकांशी लावून बघा. बेंझिन-टोल्युइन भरपूर आणि झायलिन त्या मानाने कमी, तर माल ताजा किंवा उगम जवळ. झायलिन-एथिलबेंझिन उरलेत आणि बेंझिन जवळजवळ नाही, तर जुना, धुऊन गेलेला. ईडीबी सापडलं तर २०००च्या आधीच्या पेट्रोलचा पुरावा, आणि पलीकडच्या नव्या गॅरेजवर बोट दाखवणाऱ्या मालकाला ते पुरेसं उत्तर. नुसता डिझेलचा पट्टा आला तर मात्र गॅरेज, जनरेटर, रॅम्प सगळे पुन्हा यादीत येतात. सोबत ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट, विरघळलेलं लोह मोजून घ्या. पेट्रोल खाणारे जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग जांभ्यातलं लोह वापरायला लागतात. प्लॉटच्या मधल्या विहिरीत ऑक्सिजन शून्याजवळ आणि लोह शेजारच्यापेक्षा किती तरी जास्त, तर जमीन स्वतःच काम करते आहे असं समजा. उगम काढून टाकला असेल तर काही ठिकाणी नियमित मोजत राहणं एवढंच पुरतं. तरंगणारा थर असेल तिथे ही आशा करू नये, तो आधी काढावा लागतो.

तळघराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते सोडून द्या. पेट्रोलची वाफ वरच्या काही फूट हवेशीर मातीतून येताना जिवाणूंच्या तोंडी पडून बरीच संपते. तळघर खोदलं की नेमकी तीच माती तुम्ही काढून टाकता आणि बंद जागेचा तळ थेट घाणीजवळ नेता. शिवाय पाया खोदताना पाणी उपसावं लागेल, तुमच्याकडे पावसाळ्यानंतर तर नक्कीच, आणि उपसा सुरू झाला की शेजारपाजारचं दूषित पाणी तुमच्या खड्ड्याकडे ओढलं जातं. ते पाणी गटारात सोडून द्यायचं नाही, ते पुढे बळ्ळारी नाल्यासारख्या ओढ्यातून शेतात जातं. स्टिल्टवर, म्हणजे इमारत खांबांवर उचलून तिच्या खाली जमिनीलगत, चारही बाजूंनी उघडं पार्किंग केलं तर वाफेची बहुतेक काळजी मिटते. तरी पाया घालण्याआधी जमिनीतल्या वाफेचे नमुने घ्या. काढलेली वास मारणारी माती ट्रॅक्टरवाल्याला भरावासाठी देऊ नका. ती धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांखाली येऊ शकते आणि पावतीवर नाव तुमचं असतं.

कायद्याच्या बाजूने थोडंच, वकील वेगळा बघा. दूषित जागांबाबत केंद्राचे नियम जुलै २०२५मध्ये आले. संशयित जागा स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळाला कळवायची, मंडळाने प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, आणि जबाबदार ठरेल त्याच्याकडून खर्च घ्यायचा, असा त्यांचा सांगाडा आहे. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय बेळगावातच आहे, अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या. हरित न्यायाधिकरणाकडे जायची वेळ आली तर आपला खंडपीठ चेन्नईचा. चंदगड-कागलच्या नातेवाइकांचं ऐकून पुण्याला जाऊ नका, तो महाराष्ट्राचा.

व्यवहाराचं सांगायचं तर संचकारपत्रात (विसाराच्या करारात) तीन गोष्टी लिहून घ्या: तपासणीसाठी पावसाळ्यानंतरपर्यंतची मुदत, जागेवर खणण्याची आणि विहिरी मारण्याची परवानगी, आणि घाण निघाली तर संचकाराची रक्कम परत. मालक पहिल्या दोन अटींना तयार नसतील तर त्यांना काहीतरी माहीत आहे असं मी धरतो. तेल कंपनीचा भाडेपट्टा होता असं निघालं तर पट्टा संपताना जागा कुठल्या स्थितीत परत द्यायची याचं कलम वाचा, काही वेळा सफाईचा खर्च तिथूनच निघतो.

शेजाऱ्यांना मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबवू नका. त्या विहिरीचं पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि गरम अंघोळीला आजपासून बंद करायला सांगा. उकळून उपयोग नाही, उकळलं की बेंझिन भांड्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं. घरातला साधा आरओ यासाठी बनवलेला नाही. कोळशाचा फिल्टर काही काळ धरतो, पण तो कधी भरला ते कळत नाही. नळाचं पाणी येत असेल तेच वापरायचं. आणि त्यांच्या विहिरीचा नमुना तुमच्या खर्चाने, तुमच्या विहिरींच्याच दिवशी, थेट विहिरीतून घ्या. तो आकडा तुम्हालाही लागणार आहे.